नणंदेला कुणी सांगायचं?

प्रश्न: आम्ही परभणी जिल्ह्यातले. धाकटा दीर 29व्या वर्षी ट्रॅक्टरमधून पोती उतरवता उतरवता पडला अन् जागीच गेला. गाव म्हणालं, करणी. आता मालकांना धाप लागते म्हणून टू-डी इको केला, तर हृदयाचा स्नायू जाड निघाला. आजार घराण्यातून येतो, रक्ताच्या सगळ्यांना तपासा, म्हणाले डॉक्टर. सासूबाई म्हणतात, वाच्यता नको; नणंदेच्या मुलाशी माझ्या मुलीची सोयरीक ठरत आलीय. जावई व्हायचा तो पोरगा कबड्डी खेळतो. माझा मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतो. काय करू?

उत्तर: ताई, सोयरीक नंतर. आधी पोराचं पळणं थांबवा, उद्या पहाटेपासूनच. इसीजी आणि इको बघून हृदयाचे डॉक्टर ‘पळ’ म्हणेपर्यंत मैदान बंद. भरतीतले 1600 मीटर कुठं पळून जात नाहीत. तो चिडेल, चिडू द्या. पळताना कधी अंधारी आली, छातीत कळ आली, हे मात्र त्याला एकट्याला गाठून विचारा. बापासमोर तो कबूल व्हायचा नाही.

या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. साधारण 500 माणसांत एकाला असतो. बहुतेक घरांत तो आई किंवा बाप एकाकडूनच येतो आणि दर लेकरामागे शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. पुष्कळांना जन्मभर फारसा त्रास होत नाही, काहींच्या हृदयाची लय मात्र एकाएकी बिघडते. दिराचं तेच झालं का, हे आता सांगता येणार नाही. करणी नव्हती, एवढं नक्की.

आता सोयरीक. मामाची मुलगी करणं आपल्याकडं रीतच आहे. पण दोघांतही या आजाराचा तोच जनुकीय दोष असला तर बाळाला तो दोन्हीकडून मिळू शकतो, आणि तसा आजार तान्हेपणीच उग्र रूप घेऊ शकतो. म्हणजे नणंदेला कळायलाच हवं. सांगायचं मात्र तुम्ही नाही! वहिनीनं सांगितलं तर ‘सोयरीक मोडायची होती म्हणून आजार काढला’ हेच ऐकाल. मालकांनी इकोचा कागद घेऊन स्वतः बहिणीकडं जावं. गेलेला भाऊ तिचाही होता. तिची, तिच्या मुलांची, तुमच्या सासू-सासऱ्यांचीही तपासणी व्हायला हवी.

रक्ताची जनुकीय तपासणी आधी मालकांची. दोष सापडला तर बाकीच्यांत तेवढाच शोधायचा. ज्याच्यात नाही, तो सुटला. मालकांतच सापडला नाही तर सगळ्यांना इकोवरच राहावं लागेल. आणि एक इको चांगला आला म्हणून पेढे वाटू नका. स्नायू पुढंही जाड होतो, म्हणून वाढत्या मुलांचा इको दर एक-दोन वर्षांनी, मोठ्यांचा तीन ते पाच वर्षांनी.

मालकांच्या गोळ्या मनानं बंद करू नका. आपल्याकडचं ऊन आणि निर्जळी एकादशी, दोन्ही त्यांना सोसायची नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं की असं हृदय अडतं. झटका देऊन लय सावरणारं यंत्र बसवावं लागेल का, हेही डॉक्टरांना विचारा.

मालक म्हणतील, पंचमीला ती माहेरी येईलच, तेव्हा बोलू. तोवर तुमचा भाचा कबड्डीचे किती सामने खेळेल, ते त्यांना विचारा.