पीव्हीसी पाइपचा गाडीमांडव करताय? आधी वाऱ्याचं बघा

वायरिंगचा पातळ पाइप स्वस्त पडतो, पण घेऊ नका. पाण्याचा जाड, इंची पाइप घ्या. वीस फुटी अख्खी लांबी वाकवली की दहा फूट रुंद कमान होते, मधोमध उंची सात फुटांवर मिळते. टोकं जमिनीत ठोकलेल्या सळयांवर चढवा. सळई दोन फूट तरी आत हवी. असला हलका मांडव स्वतःच्या वजनाने बसत नाही, वाऱ्याने उचलला जातो. माथ्यावर आडवा पाइप आणि कोपऱ्यांत तिरके आधार द्याच. वर हिरवी शेडनेट पुरे. ताडपत्री शिडासारखी फुगते. ताडपत्रीची हौसच असेल तर ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, झटका पट्टी खाते. उन्हाने पाइप ठिसूळ होतो, म्हणून रंगाचा हात मारा. आणि जूनआधी ताडपत्री उतरवा, पाणी साचून कमानी वाकतात.