इंजिन बंद पडलं की छोटं विमान दगडासारखं पडतं का?

नाही हो, पडत नाही. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर घारी बघितल्यात ना, पंख न हलवता कशा लांबवर जातात, साधारण तसंच. सेसना १७२ सारखं चार सीटचं विमान १ फूट खाली येताना ९ फूट पुढे जातं, म्हणजे ३००० फुटांवर इंजिन गेलं तरी वारा नसेल तर आठेक किलोमीटर हातात असतात. पण स्पीड साधारण ६५ नॉट (ताशी १२० किलोमीटर) धरून ठेवायला लागतो, घाबरून नाक वर खेचलं की स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच जाते, आणि जमिनीजवळ स्टॉल झालं की संपलंच.

बंद का पडतं म्हणाल तर बऱ्याचदा इंधन संपलेलं असतं किंवा चुकीच्या टाकीवर नॉब राहिलेला असतो, खरंच. दुसरं म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या भागात, बर्फ. हसू नका, आपल्या कोकणातल्या दमट हवेत २५ डिग्रीलाही होतो, कारण आत पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम थंड पडते. त्यासाठी कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब असतो, तो ओढायचा.

आता उतरायचं कुठे? सडा, म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार, वरून मस्त सपाट दिसतो पण जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) आडवे येतात. मी तर ओहोटीची ओली घट्ट वाळू बघेन, कोरड्या वाळूत चाक रुततं आणि पाण्यात उतरलात तर चाकं अडकून विमान उलटू शकतं. माणसं नसली पाहिजेत तेवढं, शनिवार-रविवारी अवघडच आहे म्हणा.