ईसीजीच्या पट्टीवरून रिदम कसा ओळखायचा? चित्रं पाठ आहेत, तरी गोंधळ होतो.

तुम्ही लिहिलंय की सगळ्या रिदमची चित्रं पाठ आहेत, पण मॉनिटरमधून निघालेली पट्टी हातात आली की एकही चित्र जुळत नाही. शेवटी विचारलंय की मधेच एक ठोका गळणाऱ्या पट्टीला वेंकेबाख म्हणायचं की मोबिट्झ टू (हृदयातला संदेश वरून खाली येताना अडण्याचे, म्हणजे ब्लॉकचे, दोन प्रकार). दोन्हींवर माझं उत्तर एकच: चित्रं बाजूला ठेवा आणि मोजायला लागा. मी आयसीयूत नर्स आहे, पट्ट्या रोज बघते, आणि आजही नुसतं बघून सांगायचं धाडस करत नाही. खिशात एक कोऱ्या कागदाचा तुकडा आणि पेन्सिल असते. कागदाची कड पट्टीवर ठेवायची, दोन आर टोकांवर (प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) दोन खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवत न्यायचा. खुणा प्रत्येक जोडीवर बसल्या की रिदम नियमित.

कागदाचा वेग सहसा सेकंदाला 25 मिलिमीटर असतो. म्हणजे लहान चौकोन 0.04 सेकंदाचा, मोठा 0.2 चा. वेग पट्टीच्या कडेला छापलेला असतो, तो आधी वाचा. कुणी 50 वर ठेवून गेलं असेल तर पुढचं सगळं गणित फसतं. रेट, म्हणजे मिनिटाचे ठोके, काढायला दोन आरमधले मोठे चौकोन मोजून 300 ला त्याने भागायचं. चार चौकोन म्हणजे 75. रिदम अनियमित असेल तर हे चालत नाही. तेव्हा 30 मोठ्या चौकोनांत, म्हणजे सहा सेकंदांत, किती क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची टोकदार खूण) आले ते मोजून दहाने गुणा. पीआर, म्हणजे पीच्या (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर, तीन ते पाच लहान चौकोन, क्यूआरएसची रुंदी तीनपेक्षा कमी. एवढे आकडे मात्र खरोखर पाठ हवेत.

खरी मेहनत पी वेव्ह शोधण्यात आहे. क्यूआरएस स्वतःहून दिसतो, पी लपते. खुणा कुठेच जुळत नाहीत आणि पीचाही पत्ता नाही, तर बहुतेक एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर). वेगवान एएफ डोळ्यांना नियमित वाटतो, कागदाची कड मात्र फसत नाही.

नवीन असताना एका रात्री माझ्या पेशंटचा रेट 150 होता. ताप होता, म्हणून सायनस टॅकिकार्डिया (नेहमीचाच रिदम, फक्त वेगवान) लिहून मी मोकळी झाले. ताप उतरला, रेट 150. पेशंटला झोप लागली, तरी 150. सकाळी सिनियर सिस्टरनी चार्टवरचे आकडे वाचले आणि पट्टी न बघताच म्हणाल्या, "अगं, फ्लटर आहे का बघ." सायनस रिदम असा एका आकड्याला चिकटून बसत नाही, माणूस बोलला, कूस बदलली, दुखणं कमी झालं की थोडा तरी हलतो. फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साधारण 300 वेळा फडफडतात आणि एव्ही नोड (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं फाटक) बऱ्याचदा एक सोडून एक ठोका खाली जाऊ देतो. म्हणून खालचा रेट 150 च्या आसपास खिळतो. प्रत्येक दुसरी लाट क्यूआरएसमध्ये किंवा टीमध्ये (क्यूआरएसनंतरची लाट) बुडालेली असते. मी पट्टी उलटी धरली तेव्हा कुठे करवतीचे दाते दिसले. तेव्हापासून 150 दिसलं की मी पट्टी उलटी धरते.

मोजत बसू नये अशी एक जागा आहे. क्यूआरएस रुंद आणि रेट वेगवान असेल तर व्हीटी (खालच्या कप्प्यांतून निघणारा धोक्याचा वेगवान रिदम) धरूनच चालायचं आणि पेशंटकडे धावायचं: शुद्धीवर आहे का, नाडी लागते का. तिथे तो निवांत दात घासताना सापडला तर हसू येतं, कारण ब्रशच्या हालचालीने पट्टीवर हुबेहूब व्हीटी उमटते. अशा पट्टीत खरे क्यूआरएस त्या धुमाकुळातही ठरल्या अंतरावर डोकं वर काढत असतात, खुणा सरकवल्या की सापडतात. सरळ रेघ दिसली तरी तेच: आधी पेशंट, मग निसटलेली लीड (अंगाला लावलेली मॉनिटरची वायर).

आता तुमचा गळणारा ठोका. वेंकेबाख की मोबिट्झ हा प्रश्न नंतरचा. आधी सगळ्या पींवर खुणा करा. गळलेल्या जागची पी वेळेवर आली का? वेळेवर आली आणि मागे क्यूआरएस नाही, तर ब्लॉक. ती वेळेआधी आली असेल तर ब्लॉक म्हणू नका. तो वरच्या कप्प्यातून अवेळी निघालेला ठोका, एव्ही नोड सावरायच्या आत पोचला म्हणून अडला. अशी पी आधीच्या टीवर चढून बसते आणि ती टी बाकीच्यांपेक्षा टोकदार किंवा वेडीवाकडी दिसते. पट्टीत अचानक पडणाऱ्या खंडाचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच.

ब्लॉकच निघाला तर पीआर वाढत जातोय का हे डोळ्यांनी ताडू नका, वाढ फार बारीक असू शकते. दोनच पीआर मोजा: गळण्याआधीचा शेवटचा आणि गळल्यानंतरचा पहिला. नंतरचा आखूड असेल तर वेंकेबाख. ज्याचं नाव याला मिळालं त्या डॉक्टर वेंकेबाखने 1899 मध्ये ही गोष्ट नाडीच्या आलेखावरची अंतरं मोजून पकडली होती, ईसीजीशिवाय. गळण्याआधीचे सगळे पीआर आणि नंतरचाही सारखाच असेल तर मोबिट्झ टू, आणि मग डॉक्टरांना ताबडतोब कळवा, कारण तो कधीही पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. यात क्यूआरएस बऱ्याचदा रुंदही असतो.

ठोका एक सोडून एक गळत असेल तर यातलं काहीच चालत नाही. लागोपाठ दोन पीआर मिळतच नाहीत, मग तुलना कशाशी करणार? अशा वेळी टू टू वन ब्लॉक एवढंच लिहायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि लांब पट्टी काढत राहायची. त्यात कधी लागोपाठ दोन ठोके खाली उतरले, तर तेवढ्याच तुकड्यावर कागदाची कड ठेवा.