मेलबर्नच्या इटालियन चित्रपट महोत्सवाला भाषा येत नसताना जावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मेलबर्नला येऊन चारच महिने झालेत, सप्टेंबरातल्या इटालियन चित्रपट महोत्सवाबद्दल ऐकलंय, पण भाषेचा गंध नाही, मग तिकिटाचे पैसे वाया जातील का? नाही जाणार. जरूर जा. कोविडमुळे पडलेला खंड सोडला तर मी नऊ वर्षं जाते आहे आणि मलाही इटालियन येत नाही. जेवणाच्या टेबलावर कामाला येतील एवढेच शब्द कळतात. तरी ऑगस्ट लागला की मी कार्यक्रमपत्रिकेकडे डोळे लावून बसते.

आधी थोडी माहिती. हा महोत्सव 2000 साली सुरू झाला. पॅलेस ही इथली चित्रपटगृहांची साखळी तो भरवते, आणि तिचे संस्थापक आंतोनिओ झेकोला स्वतः इटलीहून आलेले. मेलबर्नबरोबर सिडनी, ब्रिस्बेन, पर्थ, ॲडलेड, कॅनबरा इथेही तो होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही आठवडे चालतो, म्हणजे साधारण आपले गणपती आणि दसऱ्याच्या आसपास. सिनेमे मुख्यतः गेल्या वर्षभरातले असतात, जोडीला काही जुने. सगळ्यांना इंग्रजी सबटायटल असतात, त्यामुळे गोष्ट समजेल का ही काळजी सोडा.

पण मी ज्याची वाट बघते ते पडद्यावर जेवढं असतं तेवढंच पडद्यासमोरही असतं.

मला पहिल्यांदा तिथे नेलं ते आमच्या शेजारच्या आजींनी. त्या कालाब्रियाच्या, म्हणजे बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीच्या अगदी टोकाच्या. 1951 मध्ये इटली आणि ऑस्ट्रेलियाचा स्थलांतराचा करार झाला, त्यानंतर बोटी भरभरून माणसं इथे आली. आजीही त्यातल्याच, मेलबर्न बंदराच्या धक्क्यावर, स्टेशन पिअरला, उतरल्या तेव्हा विशीच्या आतल्या होत्या. आजही फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या परसात टोमॅटोच्या पेट्या येऊन पडतात, सगळं घर राबतं आणि वर्षभराची पसाटा, म्हणजे टोमॅटोचा गाळलेला रस, बिअरच्या जुन्या बाटल्यांत भरली जाते. आपल्याकडच्या उन्हाळी वाळवणांची मला दरवर्षी तेव्हा आठवण येते. कुंपणावरून दोन बाटल्या आमच्याकडे येतात, आमच्याकडून कधी पुरणपोळी जाते. अशाच एका देवाणघेवाणीत त्या म्हणाल्या, बुधवारी सिनेमाला चल.

नॉर्थकोटच्या हाय स्ट्रीटवरचं वेस्टगार्थ थिएटर, दुपारचा शो. थिएटरात निम्म्याहून जास्त डोकी पांढरी. दिवे मालवेपर्यंत सगळे एकमेकांशी मोठ्यानं बोलत होते, कोण कुठल्या गावचा, कोणाची सून बाळंत झाली. सिनेमात रविवारच्या जेवणाचं दृश्य आलं. एक म्हातारी दारातून मुलाला हाक मारते, "फिग्यू!" शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात मनगटाजवळ घट्ट धरला आणि दृश्य संपेपर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की शाळेतल्या इटालियनमध्ये मुलाला "फील्यो" म्हणतात. "फिग्यू" हे त्यांच्या गावाकडचं. त्यांची आई त्यांच्या भावाला तशी हाक मारायची, आणि आई गेल्यानंतर तो शब्द बाहेर कोणाच्या तोंडून त्यांनी ऐकलाच नव्हता.

हे नीट समजायला मला दोन-तीन वर्षं लागली. इटलीत टीव्ही सुरू झाला जानेवारी 1954 मध्ये, आणि घराघरांत प्रमाण इटालियन पोचवण्यात त्याचा फार मोठा वाटा मानतात. जी माणसं त्याच्या आधी किंवा त्याच सुमारास गाव सोडून निघाली, ती आपापली बोली घेऊन निघाली. कोणी सिसिलीची, कोणी व्हेनेतोची, कोणी कालाब्रियाची. तिकडे बोली बदलत गेली, इथे मेलबर्नच्या स्वयंपाकघरांत ती बरीचशी जुन्या वळणाची राहिली. मालवणी किंवा अहिराणी घरात बोलणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. नेपल्सच्या बोलीतले काही सिनेमे तर खुद्द इटलीतही इटालियन सबटायटल लावून दाखवतात.

म्हणून एक गंमत लक्ष देऊन ऐका. विनोदी संवादाचं सबटायटल पूर्ण वाक्यासकट आधीच येतं, त्यामुळे वाचणारे आपण पात्राच्या आधी हसतो. आणि मधेच एखाद्या जागी सगळं थिएटर खदखदून हसतं, तेव्हा खाली साधंसं वाक्य असतं. ती जागा बोलीची. शेजारच्याला विचारा, आनंदानं सांगतात. मी अशीच विचारून विचारून शिकले.

काय बघावं? पहिल्या वर्षी दोनच सिनेमे बघा. एक नवा कौटुंबिक किंवा विनोदी, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, कारण वर सांगितलेली माणसं तेव्हाच येतात. उद्घाटनाच्या रात्रीचं तिकीट महाग असतं, खाणंपिणं आणि गर्दी भरपूर असते. मला ती रात्र कधी फारशी आवडली नाही. दुसरा, एखादा जुना कृष्णधवल, आणि तो सेंट किल्डाच्या ॲस्टरला लागला तर तिथेच. ॲस्टर 1936 चं आहे, एकच पडदा आणि वर बाल्कनी. त्याच वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' आला होता आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या बाल्कनीत बसले की मला हे दरवेळी आठवतं आणि फार बरं वाटतं, की आपलीही तुकोबांची गाथा तिकडे इटलीत अशीच कोणीतरी खालच्या ओळी वाचत ऐकली असेल.

व्हेनिसचा महोत्सव ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, त्यामुळे तिथे यंदा गाजलेला सिनेमा लगेच महिन्याभरात इथे मिळेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो पुढच्या वर्षी येतो.

मुलांना नेणार असाल तर आधी वयाची अट बघून घ्या. बऱ्याच सिनेमांना इथलं प्रमाणपत्र अजून मिळालेलं नसतं, म्हणून ठरावीक वयाखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

आजी आता शहाऐंशीच्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण गेल्या रविवारीच कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या की पत्रिका आली का. अजून आलेली नाही. आली की त्यांच्यासाठी मी मोठ्या अक्षरांत छापून देते आणि त्या पेन्सिलीनं खुणा करतात. बहुतेक पहिल्याच बुधवारी आम्ही वेस्टगार्थला असू, शहरातून 86 नंबरची ट्राम तिथे सोडते. स्वेटर घेऊन या, सप्टेंबरात संध्याकाळी बाहेर पडताना गारठा असतो. आणि इथे मध्यंतर नसतं, तेव्हा चहा-कॉफी आत जायच्या आधीच घ्या.