रबरी आमिषाला गळ कोणता? नदीकाठच्या वाचकांची प्रश्नोत्तरे

गौरी-गणपती उरकले आणि नद्यांचं गढूळ पाणी निवळायला लागलं की या सदराकडे गळाचे प्रश्न येऊ लागतात. यंदा बहुतेक प्रश्न रबरी आमिषांचे आहेत, म्हणजे दुकानात ‘सॉफ्ट बेट’ म्हणून मिळणारे मऊ मासे, बेडूक आणि गांडुळं. आमिषाचा रंग आणि शेपटीची वळवळ यांवर लोक हौसेनं पैसे घालतात, गळ मात्र दुकानदार देईल तो उचलतात. तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कराडहून: पाकिटावर ४, २, १, १/०, ३/० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे मोठा गळ का? चार इंची रबरी माशाला मी २ नंबर लावतो. मासा ओढतो, पण लागत नाही.

आकडे दोन दिशांना पळतात. नुसता आकडा असेल तर तो जितका मोठा, तितका गळ लहान. म्हणजे ८ पेक्षा ४ मोठा आणि ४ पेक्षा १ मोठा. १ च्या पुढे मात्र ‘भागिले शून्य’ सुरू होतं आणि तिथून गणित सरळ चालतं: १/० पेक्षा २/० मोठा, त्यापेक्षा ३/० मोठा. त्यामुळे २ आणि २/० हे अगदी वेगळे गळ आहेत, आणि दुकानात नेमका हाच घोळ होतो. त्यात सगळ्या कंपन्यांची मापं जुळतात असंही नाही. एकीचा ३/० दुसरीच्या २/० एवढा निघू शकतो. शक्यतो आमिष खिशात घेऊनच दुकानात जा.

चार इंची, बेताच्या जाडीच्या माशाला मी ३/० पासून सुरुवात करीन. अंग जाड असेल तर ४/०. तीन इंचीला १/० किंवा २/०. पण लांबीपेक्षा जाडी जास्त महत्त्वाची आहे. गळाची दांडी आणि टोक यांच्यामधल्या मोकळ्या जागेला आपण फाक म्हणू. मासा आमिष चावतो तेव्हा रबर दबतं आणि त्याच फाकेत गोळा होतं. फाक रबरानंच भरली तर माशाच्या ओठाला जागा उरत नाही. तुमच्या २ नंबरचं हेच होतंय. फाक आमिषाच्या जाडीच्या साधारण दुप्पट असावी. घरीच तपासून बघा. आमिष गळावर चढवून अंगठा आणि तर्जनीत चिमटा. टोक सहज बाहेर आलं आणि त्याच्या मागे जागा उरली, तर गळ बरोबर. बोटं जपून.

म्हणून घ्यायचाच तर मानेजवळ दुहेरी बाक असलेला रुंद फाकेचा ऑफसेट गळ घ्या. कृष्णा-कोयनेच्या पात्रात दगड आणि वाहून आलेल्या फांद्या आहेतच, तिथे टोक झाकलेलं बरं. चढवायची पद्धत अशी: टोक आमिषाच्या नाकात बरोबर मध्यभागी पाच-सहा मिलिमीटर घाला आणि हनुवटीखालून बाहेर काढा. आमिष दांडीवरून वर सरकवत गळाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी बांधायच्या कडीपर्यंत न्या, गळ अर्धा फिरवा, म्हणजे तो दुहेरी बाक नाकात रुतून बसेल. आता गळ आमिषाच्या बाजूला धरा आणि वाक कुठे येतो ते पाहून तिथे नखानं खूण करा. त्या खुणेवर टोक पोटातून पाठीकडे सरळ आरपार काढा. शेवटी पाठीवरची कातडी किंचित पुढे ओढा आणि टोक तिच्याखाली जेमतेम लपवा, रबरात खोल नाही. सगळं झाल्यावर आमिष शेपटीला धरून लोंबकळत ठेवा. अंगाला सुरकुती किंवा बाक दिसला तर काढून पुन्हा चढवा. वाकडं आमिष पाण्यात गरागरा फिरतं आणि दोरीला पीळ भरतो.

भिगवणहून: दादा, उजनीच्या फुगवट्यात शेवाळात मरळ रबरी बेडकावर जोरात झडप घालते. झटका दिला की बेडूक रिकामाच उडून येतो. गळ बदलू का?

आधी झटका बदला. पोकळ बेडकाला बहुधा जोडगळ, म्हणजे दोन टोकांचा गळ असतो आणि त्याची टोकं पाठीला चिकटून असतात, म्हणूनच तो शेवाळातून न अडकता येतो. मरळीनं तो तोंडात घेऊन दाबला तरच टोकं उघडी पडतात. पाण्याचा ‘भडाक्’ आवाज ऐकून तुम्ही झटका देता तेव्हा बेडूक बहुतेक तिच्या ओठाशीच असतो. दोरी ताणली जाऊ द्या, वजन हाताला जाणवू द्या, मग जोरात मारा. मरळीचं तोंड हाडाळ आणि दातेरी. तिथे लवचिक रॉड आणि ताणणारा तंगूस असेल तर टोक रुतायच्या आधीच जोर संपतो. न ताणणारी विणलेली (‘ब्रेडेड’) दोरी आणि ताठ रॉड हवा.

हे सगळं करूनही लागत नसेल तर जोडगळाची टोकं पाहा. ती बेडकाच्या अंगात शिरून बसली असतील तर पक्कडीनं दोन्ही अगदी थोडी बाहेरच्या बाजूला वळवा. फार वळवलीत तर शेवाळ गोळा करत बसाल. बेडकाच्या अंगात पाणी शिरलं असेल तर दाबून काढा, पाणी भरलेला बेडूक नीट दबत नाही.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो. पावसाळ्याच्या दिवसांत पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा बुडबुड्यांसारखा वरखाली होताना दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. मरळ पिल्लांची राखण करते आणि त्यांच्या जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. ती सहज मिळते हे खरं. पण ती गेली की मागे उरलेली पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. आणि धरणाच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. हौसेनं जाणाऱ्यानंही आधी त्यांना विचारावं.

महाडहून: सावित्रीच्या खाडीकडे जिताड्यासाठी पाच इंची रबरी मासा जिग हेडवर, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेल्या गळावर लावला होता. मोठा मासा लागला, दहा मिनिटं खेळला आणि गळ सरळ होऊन आला. जाड गळ घेऊ की आणखी मोठा?

जाड. फक्त मोठा गळ घेऊन तार तेवढीच बारीक राहिली, तर तो आणखी लवकर उघडेल. पाच इंचीला ५/० चा आकार ठीक आहे, पण पाकिटावर जाड तारेचा, खाऱ्या पाण्याचा असा उल्लेख बघा. गोड्या पाण्यातल्या छोट्या माशांसाठी केलेली स्वस्त जिग हेडं दिसायला सारखीच असतात आणि नेमकी इथे दगा देतात.

गळ सरळ होण्याचं दुसरंही कारण असतं. टोक वाकापर्यंत रुतलं तर ताकद दांडीवर येते आणि गळ सहसा टिकतो. नुसतं टोकच हाडात अडकलं असेल तर सगळा जोर टोकावर येतो आणि गळ किल्लीनं उघडावा तसा उघडतो. जाड तार रुतवायला जोर जास्त लागतो, म्हणून हलक्या रॉडवर जाड गळ लावून उपयोग नाही. रॉड, दोरी आणि तार एकमेकांच्या जोडीची हवीत. रीलचा ब्रेकही तपासा, पूर्ण आवळून ठेवायची सवय अनेकांना आहे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, तेव्हा गळाच्या आधी जाड लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा हवाच. हाच मासा गोव्यात चणक म्हणून ओळखतात, मांडवी-झुआरीच्या पात्रात गरवणाऱ्यांनाही हेच लागू.

वजनाबद्दल: आमिष तळाला टेकलेलं हाताला जाणवेल इतकंच जड हेड घ्या. संथ पाण्यात ७ ग्रॅम पुरतं. भरती-ओहोटीच्या ओढीत १४ किंवा त्याहून जास्त लागेल. हेड जड घेतलं की आमिष दगडासारखं पडतं आणि चिखलात जाऊन बसतं.

आणि मोठा जिताडा मिळालाच तर सोडायचा विचार करा. जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात, त्यामुळे खाडीतले मोठ्यात मोठे मासे साधारणपणे माद्याच असतात.

डिचोलीहून: जिग हेडवरचं रबर दोन-चार फेकींत खाली घसरतं आणि गळाच्या वाकाशी गोळा होतं.

हेडाच्या मानेला उलटा काटा किंवा छोटी स्प्रिंग असलेलं हेड घ्या. तेही पुरत नसेल तर मानेवर सुपरग्लूचा एक थेंब लावून रबर वर सरकवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. नाक फाटलेलं असेल तर टोकाचा अर्धा सेंटीमीटर कापून टाका, आमिष पुन्हा नवं होतं.

सांगलीहून: आम्ही अजून कणकेवरच आहोत. रोहू आणि मृगळ गोळा चोखून नेतात, गळ कोरा. रबरवाल्यांचं काही आमच्या उपयोगाचं?

आहे की! तुमचंही आमिष मऊच आहे आणि दुखणंही तेच. रोहूचं तोंड खालच्या बाजूला असतं, तो गोळा चोखतो आणि आवडला नाही तर थुंकतो. कणीक घट्ट मळली की टोक तिच्यात गाडलं जातं आणि झटका दिला तरी बाहेर येत नाही. थोडी सैल मळा, फक्त फेकताना सुटणार नाही एवढी. गळ आखूड दांडीचा आणि मजबूत तारेचा, ६ किंवा ४ नंबर पुरे. गोळा लिंबाएवढा न करता मोठ्या बोराएवढा ठेवा. टोक झाकायचंच असेल तर कणकेचा पातळ थर पुरतो.

पुण्याहून: मला मासे पकडून सोडायचे आहेत. तिहेरी गळ काढून टाकू का? महाशीरसाठी काय वापरू?

काढून टाका. रबरी आमिषाला एकेरी गळ पुरतो आणि तिहेरी गळानं सोडायच्या माशाचं तोंड उगीच फाटतं. टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं चेपून सपाट करा. दोरी ढिली पडू दिली नाही तर मासे फारसे सुटत नाहीत आणि स्वतःच्या बोटात गळ शिरला तर तोही सहज निघतो, हा फायदा कमी नाही! गळ घशात खोल गेला असेल तर खेचू नका, तोंडाशी दोरी कापा. स्टेनलेसचा गळ लवकर गंजत नाही, म्हणून सोडणाऱ्यांनी साधा पोलादी वापरावा.

महाशीरचे ओठ जाड आणि मांसल असतात, तिथे गळ चांगला बसतो. पण त्याचा जबडा बारीक तिहेरी गळ चेपून टाकतो. घशातल्या दातांनी तो शंख-शिंपल्यांचाही चुरा करतो. तेव्हा गळ एकेरी, जाड तारेचाच हवा. मात्र जागा बघून. इंद्रायणीत देहू-आळंदीला आणि महाडजवळच्या वाळणकोंडीला मासे देवाचे मानले जातात, तिथे गळ टाकायचाच नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात कित्येक दशकं महाशीरची पैदास होते आणि तिथली पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली आहेत. त्यामुळे पुणे परिसरात हा मासा लागला तर तो पाण्यातच ठेवून गळ सोडवा आणि फोटो पटकन उरका.

नाशिकहून: एक गळ किती दिवस चालवावा?

दिवसांवर जाऊ नका. टोक नखावर हलकेच ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट झालं. गोदावरीच्या खडकाळ पात्रात तळाला घासून चार फेकींतही टोक बोथट होऊ शकतं, म्हणून अडकून सुटलेला गळ दर वेळी नखावर तपासा. थोडा बोथट असेल तर बारीक कानशीनं बुडाकडून टोकाकडे घासा, वाकलेला किंवा गंजलेला असेल तर फेका, पण काठावर नव्हे. घरी आल्यावर गळ पुसून डबा थोडा वेळ उघडा ठेवा. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची रबरं एकाच कप्प्यात कोंबू नका. काही प्लास्टिकं एकमेकांना लागली की वितळतात, आणि त्या चिकट लगद्यात गळही अडकून बसतात.