छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल येतो. दुर्लक्ष करावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, कल्याणहून दादरला गाडी बदलून अंधेरीला रोजचा प्रवास. रात्री पाठ टेकली की एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, कधी दोन-चार मिनिटं धडधडत राहतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला आणि 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले. पण तुमचं मन मानत नाही.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात १९ वर्षं ईसीजी काढायचं काम केलं. त्या खुर्चीवरून जे दिसलं ते सांगते.

आधी 'नॉर्मल' म्हणजे काय ते समजून घ्या. आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. नेहमीच्या ईसीजीत आम्ही जेमतेम दहा सेकंद पकडतो, म्हणजे दहा-पंधरा ठोके. तेवढ्यातही बरंच कळतं, म्हणून तो काढायचाच. पण धडधड थांबल्यावर काढलेली पट्टी एवढंच सांगते की या दहा सेकंदांत सगळं ठीक होतं. रात्री अकराला छातीत काय चाललं होतं, ते तिला ठाऊक नसतं.

हे मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळलं. ती काळाचौकीला राहते. पंचविशीत असल्यापासून तिला हा त्रास. पहाटे नळाला पाणी आलं की बादली उचलायला वाकायची आणि एकदम छाती धडधडायला लागायची. पंधरा-वीस मिनिटांनी तितकीच अचानक थांबायची. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत. एका ठिकाणी झोपेच्या गोळ्या दिल्या, आईने दृष्ट काढली. मी स्वतः दोनदा तिचा ईसीजी काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. आणि मीही तिला म्हटलं, घरच्या व्यापाचं टेन्शन असेल. त्याची रुखरुख अजून आहे. अशी सहा वर्षं गेली.

मग एकदा गौरीजेवणाच्या दिवशी माझ्यासमोरच तिला ते सुरू झालं. मनगट धरलं तर नाडी मोजता येईना. टॅक्सी केली, दहा मिनिटांत आमच्या कॅज्युअल्टीत. लीड लावल्या तेव्हा धडधड चालूच होती: मिनिटाला १८८, सगळे ठोके एकसारखे, ओळीत. डॉक्टरांनी पट्टी पाहताच एसव्हीटी म्हणून सांगितलं. एसव्हीटी म्हणजे एकदम सुरू होणारी, खूप वेगाची धडधड. अशा माणसाच्या हृदयात विजेचा संदेश जायची एक जादा वाट असते, काहींना ती जन्मापासूनच असते, आणि संदेश त्या वाटेने गोल गोल फिरत राहतो. अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन दिलं, काही सेकंद तिला जीव खाली खेचल्यासारखं वाटलं आणि ठोके ८४ वर आले. पुढे मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकली. त्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. या आजारात ते शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना लागू पडतं. तिला परत त्रास झालेला नाही.

म्हणून माझं एकच सांगणं: धडधड चालू असताना तिची नोंद झाली पाहिजे.

तुमचं वर्णन मात्र बहिणीसारखं वाटत नाही. 'ठोका चुकला' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा एक ठोका जादा, वेळेआधी पडलेला असतो. हृदय पुरतं भरायच्या आत पडल्यामुळे तो जाणवतच नाही. त्यानंतर जरा मोठा थांबा येतो, तेवढ्यात रक्त जास्त भरतं, आणि पुढचा ठोका 'धप्' करून छातीवर आपटतो. आपल्याला जाणवतो तो थांबा आणि ती धप्. निरोगी माणसांतही हे सर्रास दिसतं. दिवसभर गाडी, गर्दी, ऑफिस यात लक्ष जात नाही. रात्री शांतता असते, त्यातून डाव्या कुशीवर झोपलात की आणखी ठळक जाणवतं. पण हा माझा अंदाज, आणि ती दोन-चार मिनिटांची सलग धडधड वेगळी असू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी असं करा. घड्याळ पाहा, मनगटावर नाडी धरा, ३० सेकंद मोजून दुप्पट करा. बसल्या जागी ६० ते १०० नेहमीचे. मग तोच ताल बोटाने टेबलावर वाजवून पाहा: सरळ ठेका आहे, मध्येच एक ठोका निसटतोय, की कशाला कशाचा मेळच नाही? एकदम सुरू झालं की हळूहळू चढलं, थांबलं कसं, हेही लिहून ठेवा. घाबरल्यामुळे होणारी धडधड सहसा चढत जाते आणि ओसरत जाते. एसव्हीटी दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद होते. चांगले डॉक्टर तुम्हाला हा ताल वाजवून दाखवायला सांगतात.

सोबत दिवसभरात पोटात काय गेलं तेही लिहा. किती कटिंग झाले, एनर्जी ड्रिंक, दारू, तंबाखू किंवा मिश्री, नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी, दम्याचा पंप, वजन उतरवायची पावडर. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम गाळून पाणी न पिणं हेही कारण ठरतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच तपासणी करून घ्याच. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. 'जिना चढले की धडधडतं' म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींचं दुखणं हृदयात नव्हतं, रक्तात होतं.

आता थांबायचं नाही अशा वेळा. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडलात किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं वा दाब आला, श्वास पुरेना, दरदरून घाम फुटला. किंवा शांत बसूनही ठोके १२०च्या वरच राहिले, तर लगेच १०८ला फोन करा, नाहीतर कॅज्युअल्टी आणि ईसीजीची सोय असलेलं सगळ्यांत जवळचं रुग्णालय गाठा. ओळखीचे डॉक्टर अंधेरीला बसतात म्हणून कल्याणहून तिकडे निघू नका. लोकलमध्ये सुरू झालं तर दारापासून आत सरका, बसायला मागा, पुढच्या स्टेशनवर कुणाला तरी सोबत घेऊन उतरा. स्कूटर चालवत असाल तर बाजूला घ्या.

धावताना किंवा जिना चढतानाच चक्कर येत असेल, आधीपासून हृदयविकार असेल, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर बाकी काही त्रास नसला तरी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. याबद्दल घरच्या मोठ्यांना स्पष्ट विचारा. 'झोपेतच गेले' एवढं म्हणून आपल्याकडे विषय मिटवतात.

घरात साठीपुढचं कुणी असेल तर त्यांचीही नाडी एकदा धरून पाहा. ताल पूर्ण विस्कटलेला लागला तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो, तोही कधी धडधड जाणवलेली नसताना. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या, पुढे हृदयाची झडप आकसलेल्या तरुण बायकांतही मी हे पुष्कळ पाहिलं.

त्रास रोज होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावून घ्या. महिन्यातून एकदाच होत असेल तर होल्टरमध्ये सापडेलच असं नाही. जास्त दिवस लावायच्या यंत्राबद्दल विचारा. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर ती नोंदही दाखवा, डॉक्टर पाहतात. हृदयाची रचना पाहायला टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागेल. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहे. रांग लांब असते, सकाळी लवकर जा. आणि धडधड चालू असताना पोहोचलात तर ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका. कॅज्युअल्टीत जाऊन स्पष्ट सांगा, 'आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा.'

मिळालेली पट्टी जपा. तो कागद थर्मल असतो, हळूहळू फिका पडतो, आणि लॅमिनेट केला तर उष्णतेने काळा होतो. हातात आल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढा, आणि पट्टीच्या मागे पेनाने लिहून ठेवा की त्या क्षणी धडधडत होतं की थांबलं होतं.