डॅक रिपोर्टमधली चुकीची नोंद: जुन्या कंपनीला फोन करत बसू नका

भाऊ, ट्रकच्या नोकरीबद्दलचा तुमचा धागा वाचला आणि राहवलं नाही. तीन कंपन्यांनी फोनवर "सोमवारी ओरिएंटेशनला या" म्हणायचं आणि मग रिक्रुटरने फोन उचलणंच बंद करायचं, हे मी भोगलंय. लायसन स्वच्छ, तिकीट नाही, अपघात नाही, मग हे का होतंय, असं तुम्ही विचारलंय. बहुधा डॅक रिपोर्टमुळे, म्हणजे जुन्या ट्रकिंग कंपनीने तुमच्याबद्दल टाकलेल्या नोंदीमुळे. आधीची कंपनी अर्जात लिहिलीच नाही तर चालेल का, हाही तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शेवटी देतो, पण तोवर कुठलाही नवा अर्ज भरू नका.

मी वकील नाही. लिहितोय ते अमेरिकेतल्या सीडीएलवाल्यांसाठी (व्यावसायिक गाडीचं लायसन असलेल्यांसाठी), राज्याराज्यांतून माल नेणाऱ्यांसाठी. कॅनडातल्या मंडळींनी याच्या भरवशावर काही करू नये.

वर दोघांनी पीएसपी (ड्रायव्हरच्या अपघात-तपासण्यांचा सरकारी रिपोर्ट) काढायला सांगितलंय. जरूर काढा, १० डॉलर लागतात. पण त्यात गेल्या ५ वर्षांतले अपघात आणि ३ वर्षांतली रस्त्यावरची इन्स्पेक्शन्स एवढंच असतं. (अपघातात चूक कोणाची हे न बघता तो तिथे येतो, ते दुरुस्त करायला डेटाक्यूज ही सरकारी व्यवस्था आहे, तो वेगळा विषय.) क्लिअरिंगहाउस या केंद्रीय नोंदवहीत खातं उघडून स्वतःची नोंद फुकट बघता येते, तिथे फक्त ड्रग आणि अल्कोहोलचं. एमव्हीआर, म्हणजे लायसनचा रेकॉर्ड, राज्याकडून मिळतो, त्यात तिकिटं आणि लायसनची स्थिती. तुम्ही म्हणता तसं हे सगळं स्वच्छ असेल, तर बहुधा अडलंय ते डॅकमध्ये. जुन्या कंपनीने तुमच्याबद्दल काय लिहून ठेवलं ते इतर तिघांत कुठेच नसतं.

डॅक सरकारी नाही. तो आता हायरराइट या खासगी कंपनीकडे असतो. ट्रकिंग कंपन्या तिथे सभासद असतात, ड्रायव्हर सोडून गेला की त्याची नोंद टाकतात, नवीन ड्रायव्हर घेताना दुसऱ्यांच्या नोंदी बघतात. किती दिवस होता, कुठली गाडी चालवली, का सोडली, परत घेणार का, आणि "कामाची नोंद" म्हणून ठरावीक शेऱ्यांची यादी. घात या शेऱ्यांनी होतो. बँकेच्या क्रेडिट रिपोर्टला जो फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट लागू आहे, तोच इथेही लागू आहे. त्यामुळे १२ महिन्यांतून एकदा स्वतःची प्रत फुकट मागता येते. या रिपोर्टवरून कोणी नकार कळवला असेल तर त्यानंतर ६० दिवसांच्या आत आणखी एक प्रत फुकट. मागताना "माझ्या नावावरची पूर्ण फाइल द्या" असं लिहा. काही कंपन्या टेनस्ट्रीट या ऑनलाइन सेवेवरून आपसात नोकरीची खातरजमा करतात, तिथलीही नोंद वेगळी मागवा.

रिक्रुटर गप्प का होतात तेही सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. ऑफिसातल्या नोकरीला बॅकग्राउंड रिपोर्टवरून नाकारायचं असेल तर कंपनीला नाकारण्याआधी रिपोर्टची प्रत द्यावी लागते. ट्रक ड्रायव्हरने फोनवर, टपालाने किंवा कॉम्प्युटरवरून अर्ज केला असेल तर कायद्याने वेगळा नियम ठेवलाय: नाकारल्यानंतर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवायचं, आणि प्रत ड्रायव्हरने मागितली तरच पाठवायची. म्हणजे न मागणाऱ्याला काहीच हातात मिळत नाही. त्या तिन्ही रिक्रुटरना आजच ईमेल करा: तुम्ही माझ्याबद्दल कुठल्या एजन्सीचा रिपोर्ट बघितला, आणि त्याची प्रत द्या. फोन नको, ईमेलच.

आता माझं. हिवाळ्यात वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर होतो, ड्राय व्हॅन (बंद पेटीचा ट्रेलर), माल हलका. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा ज्यांनी चालवलाय त्यांना सांगायला नको. वाऱ्याने बर्फ रस्त्यावरून उडत होता, समोरची लेन दिसत नव्हती, आणि हलक्या उंच गाड्यांना बंदी लागली होती. मी लॅरमीला गाडी लावली. डिस्पॅचरचा (कंपनीत बसून गाड्या पाठवणाऱ्याचा) मेसेज आला की बाकीचे जातायत, तू का नाही. केंद्रीय नियम ३९२.१४ स्पष्ट आहे: बर्फ, धुकं, पाऊस यांनी दिसणं किंवा टायरची पकड बिघडून परिस्थिती पुरेशी धोक्याची झाली, तर गाडी थांबवायचीच. मी तसंच लिहून पाठवलं. लोड उशिरा पोचला. पुढे खटके वाढत गेले आणि मी राजीनामा दिला. ईमेलने दिला, गाडी कंपनीच्याच टर्मिनलवर लावून, किल्ली शॉपमध्ये देऊन दिला. डॅकमध्ये काय आलं? "गाडी सोडून पळाला", परत घेणार नाही.

हा शेरा म्हणजे मोठ्या कंपन्यांची दारं बंद. त्यांचा नियम असतो, ठरावीक वर्षांत असा शेरा असेल तर अर्ज पुढे जाणारच नाही. रिक्रुटर माणूस चांगला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

आणि मग ते ऑफिस. जुन्या कंपनीचा सेफ्टी विभाग. तिथे फोन केला की म्हणायचे आम्ही फक्त नोंद पाठवतो, दुरुस्ती एजन्सी करते. एजन्सी, म्हणजे हायरराइट, म्हणायची ज्यांनी लिहिलं त्यांनीच बदलायला हवं. मग सेफ्टीवाले म्हणायचे टर्मिनल मॅनेजरशी बोला, टर्मिनल म्हणायचं हे एचआरचं काम. एका बाईंनी फोनवर कबूल केलं की गाडी टर्मिनलवर असल्याचं त्यांच्या सिस्टीममध्ये दिसतंय, आणि तरीही दुरुस्तीचं लेखी पत्र द्यायला नकार दिला. पुढच्या वेळी तर त्यांनी ते बोलणंच नाकारलं. माणसाची रोजीरोटी एका शेऱ्यावर अडलेली आहे हे दिसत असताना लोक इतके थंड कसे राहू शकतात, याचा मला आजही राग येतो. तो सगळा काळ मी छोट्या फ्लीटमध्ये कमी मैलांवर काढला.

या फोनाफोनीत जी गोष्ट मला कोणीच सांगितली नाही, ती तुम्ही पक्की लक्षात ठेवा. कंपनीला थेट फोन किंवा पत्र केल्याने, तिने नीट चौकशी केली नाही म्हणून कोर्टात जाण्याचा तुमचा हक्क तयार होत नाही. तो तयार होतो तुम्ही एजन्सीकडे वाद नोंदवल्यावर आणि एजन्सीने तो कंपनीला कळवल्यावर. तेव्हापासून कंपनीला खरोखरची चौकशी करणं बंधनकारक. म्हणून तक्रार हायरराइटकडे, लेखी, पुराव्यासह. त्यांना ३० दिवस मिळतात. मध्येच तुम्ही नवीन माहिती दिली तर आणखी १५.

पुराव्याविना "हे खोटं आहे" एवढंच लिहिलं तर काय होतं तेही सांगतो. तोच प्रश्न त्याच ऑफिसकडे जातो, तिथला तोच माणूस "नोंद बरोबर आहे" म्हणून परत पाठवतो, आणि तुम्हाला "पडताळणी झाली" असं उत्तर येतं. त्यानंतर नवीन काही न देता पुन्हा तक्रार केली तर एजन्सी ती निरर्थक म्हणून बाजूला ठेवू शकते. म्हणून पहिलीच तक्रार भरलेली हवी. एका नोंदीची एक तक्रार, सगळा राग एका पत्रात ओतू नका. "अमुक तारखेला गाडी अमुक टर्मिनलवर लावली, हा फोटो, हा राजीनाम्याचा ईमेल, हे किल्ली घेतल्याचं" एवढंच. तरीही उत्तर उलटं आलं तर पडताळणी कशी केली याचं वर्णन मागा, ते मागितल्यापासून १५ दिवसांत द्यावं लागतं. माझ्या वेळी त्या वर्णनातच दिसलं की कोणी काही तपासलेलं नाही, फक्त जुनी नोंद पुन्हा वाचून दाखवलीय. ते जोडून, फोटो जोडून, वायोमिंगच्या रस्ते विभागाने हलक्या उंच गाड्यांना बंदी घातल्याची सूचना जोडून दुसरी तक्रार केली तेव्हा पळाल्याचा शेरा निघाला. "परत घेणार नाही" तसंच राहिलं. ते त्यांचं मत आहे, ते हटवणं फार कठीण, त्याच्यामागे लागू नका. एकट्या त्या शेऱ्याने अर्ज मरत नाही.

यात वेळेचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. कंपनीला तुमचे लॉग (गाडी चालवलेल्या तासांच्या नोंदी) ६ महिनेच जपायचे असतात, लोडची सोबतची कागदपत्रंही तेवढीच. नंतर मागितलं तर "आमच्याकडे नाही", आणि ते कायद्याने बरोबर. ईएलडीवरचा (गाडीतल्या तास नोंदवणाऱ्या यंत्रावरचा) स्वतःचा लॉग मागायचा तुम्हाला हक्क आहे, आजच लेखी मागा. आणि तुमच्याबाबतीत असुरक्षित गाडी किंवा कायद्याने ठरवलेले तास संपलेले असताना चालवायला नकार दिल्यावरून हे सुरू झालं असेल (तुमच्या धाग्यात ब्रेकचा उल्लेख आहे म्हणून विचारतो), तर ते सूड उगवणं ठरू शकतं. त्याची तक्रार ओशाकडे, म्हणजे कामगार सुरक्षेच्या केंद्रीय कार्यालयाकडे, १८० दिवसांत करावी लागते. अशी तक्रार बसत असेल तर ट्रकिंगचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. डॅकचे दावे करणारे बरेच वकील आधी पैसे मागत नाहीत, कारण जिंकल्यास फी समोरच्याकडून मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. जो आधी मोठी रक्कम मागून "डॅक साफ करून देतो" म्हणतो, त्याला एक डॉलरही देऊ नका. तक्रार करायला पैसे लागतच नाहीत.

दुसरा रस्ता याच्याशी मिसळू नका. नवीन कंपनीला गेल्या ३ वर्षांतल्या तुमच्या कंपन्यांकडून सुरक्षिततेचा इतिहास मागावाच लागतो, डॅक असो नसो. हे केंद्रीय नियम ३९१.२३ मध्ये आहे. जुन्या कंपनीने काय कळवलं ते बघायचा तुमचा हक्क आहे, पण लेखी मागावं लागतं. अर्ज करतानाच मागा, नाहीतर नोकरी लागल्यापासून किंवा नकार कळल्यापासून ३० दिवसांच्या आत. नवीन कंपनीने ५ कामकाजाच्या दिवसांत दाखवायचं. चूक असेल तर जुन्या कंपनीकडे दुरुस्ती मागा, १५ दिवसांत तिला एक तर दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नाही म्हणून कळवावं लागतं. नाही म्हटलं तर तुमचं म्हणणं लिहून द्या, ते तिला तुमच्या माहितीला जोडावं लागतं. माझ्या मते हा रस्ता लोक फुकट वाया घालवतात.

डॅकमध्येही स्वतःचं निवेदन जोडता येतं, एजन्सी ते १०० शब्दांपुरतं मर्यादित ठेवू शकते. त्यात डिस्पॅचर कसा वागला हे लिहू नका. तारीख, जागा, काय केलं, पुरावा आहे. वाचणाऱ्या सेफ्टी मॅनेजरला त्यातून समजायला हवं की हा माणूस कागद ठेवतो.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागतं, मग कुठे ते पूर्ण असतं, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनावाला चिकटलेलं. राज्य बदललं असेल तर जुना लायसन नंबरही वेगळा. रिपोर्ट मागताना नावाची सगळी रूपं आणि सगळे लायसन नंबर द्या, आणि दुसऱ्याच कोणाची नोंद तुमच्या फाइलमध्ये घुसली नाही ना ते बघा.

आणि पुढे कुठलीही कंपनी सोडताना: राजीनामा ईमेलने, लोड पोचवून झाल्यावर, गाडी टर्मिनलवर. गाडीचे चारी बाजूंनी फोटो, ओडोमीटर, डिझेलचा काटा, आतून झाडून काढलेली केबिन, किल्ली घेणाऱ्याची सही. टॅबलेट परत करण्याआधी त्यावरच्या सगळ्या मेसेजचे फोटो. हे मला आय-४० वरच्या एका ढाब्यावर एका वयस्कर सरदारजींनी शिकवलं होतं, माझे फोटो होते ते त्यांच्यामुळे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जुनी कंपनी लपवू नका. अर्जात गेल्या ३ वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या, आणि त्याआधीच्या ७ वर्षांतल्या ट्रक चालवलेल्या नोकऱ्या लिहाव्याच लागतात, आणि खाली सगळं खरं आहे म्हणून तुमची सही असते. डॅक उघडला की लपवलेली कंपनी पहिल्या मिनिटाला दिसते. मग "अर्जात खोटं लिहिलं" हे कारण तुमच्या नावावर लागतं, आणि ते खरं असल्यामुळे त्याच्यावर वाद घालता येत नाही. त्यापेक्षा रिक्रुटरला पहिल्याच ईमेलमध्ये सांगा की अशी नोंद आहे, मी वाद नोंदवलाय, ही त्याची प्रत. तोवर काम हवंच असेल तर लहान फ्लीट बघा, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे डॅकचं सभासदत्व नसतं. इतिहास त्यांनाही मागवावा लागतोच, पण तिथे मालक स्वतः बोलतो आणि कागद बघतो. फक्त लीज-पर्चेसच्या (कंपनीचाच ट्रक हप्त्याने घेण्याच्या) करारावर सही करू नका, अडलेल्या ड्रायव्हरला तोच आधी पुढे करतात.

रिपोर्ट आला की नाव आणि लायसन नंबर झाकून नोंद जशीच्या तशी इथे टाका. शेरा नेमका कुठला आहे त्यावर तक्रारीत काय लिहायचं ते ठरेल, मसुदा मी बघून देईन.